लोणारचं वय सांगणारं घड्याळ

आमच्या देऊळगाव राजाला पाहुणे आले की लोणारची फेरी ठरलेलीच, आणि "हे सरोवर किती जुनं?" हा प्रश्नही. लवणासुराच्या कथेत सालाचा पत्ता नाही. तो काळ्या दगडातल्या पोटॅशियममध्ये आहे.

पोटॅशियम-४० हे किरणोत्सारी. त्याचे अणू आपोआप बदलत राहतात. दर दहांतला साधारण एक अरगॉन वायू होतो, उरलेले कॅल्शियम. निम्मे अणू बदलायला १२५ कोटी वर्षं लागतात. उन्हापावसाने हा वेग बदलत नाही.

आपला हा दगड मुळात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. उल्का आदळली, तो पुन्हा वितळला, साठलेला अरगॉन निसटला आणि घड्याळ शून्यावर आलं. दगड थिजल्यावर नवा अरगॉन साठू लागला. तो मोजला की वय कळतं.

१९९७ साली दुसऱ्या एका पद्धतीने वय ५२ हजार वर्षं निघालं होतं. २०११ साली अरगॉन मोजून निघालं ५ लाख ७० हजार, चूकभूल ४७ हजारांची. दहापटीहून जास्त!

म्हणून मंडळी, नातवंडांना मी आकड्याआधी मोजायची रीत सांगतो. उद्या आकडा बदललाच, तर ती विज्ञानावर रुसणार नाहीत, "आता कसा मोजला?" असं विचारतील.