दुष्काळाचा पैसा कोणाचा?

आजचा विषय परदेशातील परिषदांचा आहे, असे कार्यक्रमपत्रिका पाहून वाटेल. तापत चाललेल्या पृथ्वीवर तग धरण्यासाठी गरीब देशांना लागणारा पैसा कोणी द्यावा आणि कोणत्या अटींवर द्यावा, असा तो विषय आहे. परंतु कोपरगावच्या माणसाने त्याचा विचार करताना आधी दुष्काळाचा इतिहास उघडावा. आभाळाच्या लहरीसाठी पैसा राखून ठेवण्याचा प्रयोग या देशात दीडशे वर्षांपूर्वी झाला आहे, आणि तो कसा फसला हेही नोंदलेले आहे.

१८७६ साली दख्खनात पावसाने दगा दिला. सरकारने दुष्काळी कामे काढली. लोकांनी खडी फोडावी, माती वाहावी आणि मजुरी घ्यावी. १८७७ च्या प्रारंभी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना खर्चाला आळा घालण्यासाठी पाठविले. टेंपलसाहेबांचा हिशेब असा, की धडधाकट गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी! एवढ्यावर उन्हात दिवसभर खडी फोडावयाची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या हिशेबावर कडक टीका केली. आणि आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी कामच सोडले. होय, दुष्काळी कामावरचा संप! भुकेला माणूस संप करील, हे साहेबाच्या हिशेबात बसत नव्हते. पुण्याची सार्वजनिक सभा मजुरांच्या बाजूने उभी राहिली; सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, जिल्ह्याजिल्ह्यांतील हकीकती जमवून सरकारला धाडीत राहिले. कामगार चळवळीचा इतिहास सांगणारे आमचे लोक गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती या खडीच्या ढिगापासून करावयास हवी.

या दुष्काळाने सरकारलाही धडा मिळाला. दरवर्षी काही रक्कम बाजूला टाकावी असे ठरून ‘दुष्काळ विमा’ या नावाने वर्षाला दीड कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्यासाठी धंदेवाल्यांवर परवाना कर बसला. कल्पना वाईट नव्हती. पण नोव्हेंबर १८७८ मध्ये अफगाणिस्तानवर स्वारी झाली, आणि दुष्काळाची रक्कम अंदाजपत्रकातून गळाली. कर मात्र वसूल होतच राहिला. कारण साधे होते : त्या पैशाला वेगळी पेटी नव्हती, आणि ज्यांच्या नावाने तो गोळा होई त्यांना तो मागण्याचा अधिकार नव्हता.

पुढे १९०१ च्या पाटबंधारे आयोगानंतर दख्खनात संरक्षक कालव्यांना जोर आला. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, दारणा धरण आणि आपले गोदावरीचे दोन्ही कालवे त्याच काळातले. त्यांच्या पाण्यावर ऊस आला, कारखाने आले. दुष्काळाच्या भयातून केलेला खर्च वाया जात नाही, याचा पुरावा पाहावयाला कोपरगावकराला दूर जावे लागत नाही.

तरीही १९७२ आला. त्या वेळी महाराष्ट्राने जे केले त्याचा मला अभिमान आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पैसा कोठून आला? १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, बागायती जमिनीवरही आकारणी झाली, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालावयाची असा नियम झाला. मुंबईच्या कामगाराने कोरडवाहू भावाचा भार उचलला, तोही मेहेरबानी म्हणून नव्हे, कायद्याने. दोषही सांगितला पाहिजे. पुढे या निधीत पैसा साचत गेला आणि कामे मात्र कमी निघत गेली. मागणाऱ्याचा आवाज बसला की पेटीही झोपी जाते.

आता जगाकडे वळू. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी वचन दिले, की २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करू. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे हा आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातील सरकारी पैशाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग कर्जाचा होता. पूर, अवर्षण यांना तोंड देण्याच्या कामासाठी विकसनशील देशांत २०२३ साली बाहेरून आलेला सरकारी पैसा सुमारे २६ अब्ज डॉलर. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०३५ पर्यंतची गरज वर्षाला तीनशे अब्जांच्या वर.

आपल्या राज्याचेच उदाहरण घ्या. विदर्भ-मराठवाड्यातील हजारो गावांना बदलत्या पावसाशी जुळवून घेता यावे म्हणून २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. शेततळी, ठिबक, बियाणे ही कामे चांगलीच आहेत. पण त्यासाठी जागतिक बँकेने दिलेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज आहे. दुसऱ्यांच्या धुराड्यांनी हवा बिघडवावी, आणि त्यावरच्या उपायाचे कर्ज हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या राज्याने फेडावे, हा कोणता न्याय?

याहून बरा एक नमुना जगात झाला आहे. क्योटो कराराखालच्या अनुकूलन निधीचे पैसे कार्बन-प्रमाणपत्रांवरच्या दोन टक्के कपातीतून यावयाचे होते, म्हणजे आपल्या व्यवसाय करासारखेच, नियमाने. तो निधी कर्ज देत नाही, अनुदान देतो; त्याच्या मंडळावर विकसनशील देशांचे बहुमत आहे; आणि देशातल्याच संस्थेमार्फत तो पैसा मागता येतो. आपल्याकडे २०१२ पासून नाबार्ड ते काम करते. परंतु त्याच सुमारास त्या प्रमाणपत्रांचे भाव कोसळले, कपातीचा झरा आटला, आणि निधीचे विश्वस्त पुन्हा वर्षावर्षाला श्रीमंत सरकारांच्या दारी देणगीसाठी जाऊ लागले.