लघुयुद्धातील श्वान : शिकार, समर आणि स्मारक

झाशीचा सदर बाजार हा छावणीचा बाजार. परकोटाच्या आतली झाशी, म्हणजे नेवाळकरांची, गणेशमंदिराची आणि महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची झाशी, त्याच्याहून जुनी. या दोन्ही झाशींना जोडणारी आकृती मात्र एकच आहे. भरधाव घोडा, उपसलेली तलवार आणि पाठीशी बांधलेला मुलगा. पुतळ्यापासून दिनदर्शिकेपर्यंत आणि मातीच्या खेळण्यापर्यंत ही आकृती इतकी स्थिरावली आहे, की तिच्यात काय नाही हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिच्यात कुत्रा नाही. मराठी देवघरातील दुसऱ्या अश्वारूढ योद्ध्याच्या, खंडोबाच्या टाकात मात्र तो जवळजवळ अपरिहार्य असतो. बोटभर उंचीच्या चांदीच्या पत्र्यावर घोडा, घोड्यावर देव आणि म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी धावणारा कुत्रा. युद्धाची लघुप्रतिमा घडवताना कुत्र्याला कोठे जागा द्यावयाची आणि कोठे नाही, हा प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयप्रकारांचा प्रश्न आहे.

त्याचे आधुनिक रूप युरोपात व अमेरिकेत रूढ असलेल्या मेजावरील युद्धखेळात दिसते. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने शिशाच्या सैनिकांच्या खेळाला नियमांची चौकट दिली. पुढे प्राचीन व मध्ययुगीन सैन्यांचे स्वतंत्र नियमसंच झाले, आणि साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांबरोबर त्याच प्रमाणातले कुत्र्यांचे कळपही घडू लागले. पूर्वमध्ययुगीन आयरिश सैन्याला तर ते शोभतातच असे मानले जाते. रंगवणारा प्रथम अस्तराचा हात देतो, त्यावर अंगाचा मूळ रंग, मग केसांच्या खाचांत मुरणारा पातळ गडद रंग, आणि शेवटी कोरड्या कुंचल्याने पाठीच्या उंचवट्यांवर फिकट छटा. कृती सोपी आहे. अवघड आहे ते रंग आणि जागा ठरवणे, कारण त्यासाठी पुरावा लागतो.

हा पुरावा बहुतांशी साहित्यातून येतो. ब्रिटनमधील कुत्रे गॉलमधील केल्ट लोक युद्धातही वापरीत, असे स्ट्रॅबो नोंदवतो. इ. स. ३९३ मध्ये सिमॅकसने रोममधील खेळांसाठी आलेल्या सात आयरिश कुत्र्यांबद्दल आभार मानले आहेत; पण ते प्रेक्षकांपुढचे कुत्रे होते, रणांगणावरचे नव्हेत. आइसलंडच्या न्यालच्या सागामधील 'साम' हा आयर्लंडहून आलेला कुत्रा धन्याच्या घराची राखण करताना मारला जातो. रणात प्रत्यक्ष उतरणारा कुत्रा भेटतो तो मॅक दाथोच्या डुकराच्या जुन्या आयरिश कथेत. या कथेचे महत्त्वाचे हस्तलिखित बाराव्या शतकातील 'लेन्स्टरच्या ग्रंथा'त आहे. मॅक दाथोजवळ आल्वे नावाचा कुत्रा असतो आणि अल्स्टर व कॉनॉट या दोन्ही सत्ता तो मागतात. यजमान दोघांनाही होकार देतो आणि मेजवानीसाठी प्रचंड डुक्कर मारतो. पहिला घास कोणी कापावा यावरून वाद पेटतो, वादाचे युद्ध होते. मग कुत्र्यालाच पक्ष निवडू दिला जातो. तो अल्स्टरची बाजू घेतो, पळणाऱ्या कॉनॉटकरांच्या मागे लागतो, राजाच्या रथाचा दांडा दातांत धरतो आणि तेथेच त्याचा शिरच्छेद होतो. कथा उघडच वीरकाव्याची थट्टा करते. तिच्यावरून सैन्याचा तक्ता बनवणे म्हणजे विनोदाला दप्तर समजणे होय. तरीही युद्धखेळातील आयरिश श्वानपथकाची पाळेमुळे अशाच कथांत आहेत.

या कथेशी ताडून पाहावा असा दस्तऐवज दख्खनमध्ये आहे. तो कथा नसून कोरीव लेख आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचे नाव बुंदेलखंडाला परके नव्हते. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेल्या इ. स. ९४० च्या ताम्रपटात त्याच्या पराक्रमामुळे गुर्जर राजाची कालंजर व चित्रकूट या दुर्गांविषयीची आशा मावळल्याचे म्हटले आहे, आणि मैहरजवळ जुरा येथे त्याची कन्नड प्रशस्तीही मिळाली आहे. झाशीच्या पूर्वेकडील हा मुलुख चंदेलांचा. खजुराहोच्या लक्ष्मण मंदिराच्या जोत्यावरील हत्ती, घोडे व पायदळ यांच्या मिरवणुकी त्याच शतकातल्या. याच कृष्णाने दक्षिणेत चोळ राजपुत्र राजादित्याशी तक्कोलम येथे युद्ध केले. त्यात गंग राजा दुसरा बूतुग याने राजादित्याला ठार मारले. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. त्याच्या शौर्यावर संतुष्ट होऊन बूतुगाने हवे ते माग म्हटले, तेव्हा मणलेराने काळी नावाचे कुत्रे मागितले. पुढे हे कुत्रे एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आले आणि दोघेही एकमेकांना मारून पडले. आजच्या मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे शक ८७२ मध्ये त्याचे स्मारक उभारले गेले. त्याला जमीन लावून दिली गेली आणि पूजेचा भार शैव गोरवाकडे सोपवला गेला. सध्या बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात असलेल्या या शिळेवर कुत्रे व डुक्कर झुंजताना कोरलेले आहेत.

युद्ध, मागून घेतलेले कुत्रे आणि डुक्कर हे तिन्ही घटक आयरिश कथेतही आहेत आणि आतकूरच्या लेखातही. परस्परप्रभावाची शक्यता अर्थातच नाही. म्हणूनच तुलना बोलकी ठरते. आयरिश कथेत कुत्र्यावरून युद्ध होते आणि कुत्रे युद्धात मरते. आतकूरला युद्ध आधी संपते, कुत्रे बक्षीस म्हणून येते आणि मरते ते शिकारीत. असे असूनही त्याला मान मिळतो तो युद्धात पडलेल्या वीराचा. वीरगळाच्या संकेतात रण आणि रान यांतील सीमा पुसली गेली. राजादित्याचा वध आणि रानडुकराचा वध एकाच दगडावर नोंदवले गेले, आणि चित्राची जागा मात्र राजपुत्राला न मिळता कुत्र्याला मिळाली.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' (शक १०५१) हीच स्थिती दुसऱ्या बाजूने दाखवतो. या ग्रंथात कुत्र्यांचे प्रकरण 'सारमेयविनोद' म्हणून येते. त्यात देशपरत्वे कुत्री, त्यांचे रंग, बांधा आणि शिकारीतील उपयोग यांचा विचार आहे. म्हणजे कुत्र्याची जागा राजाच्या करमणुकीत आहे, त्याच्या सैन्यात नाही. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी गीताच्या अवशेषांमुळे परिचित आहे. परंतु लघुमूर्ती रंगवणाऱ्याला त्याचे मोल वेगळेच वाटेल. याच ग्रंथात चित्रकर्माचाही विचार आहे : कातडे उकळून केलेला वज्रलेप, शंखचूर्णाचा पांढरा, दरदाचा लाल, गेरूचा तांबूस, हरताळाचा पिवळा आणि काजळाचा काळा. राष्ट्रकूट किंवा चालुक्य सैन्य मेजावर मांडू पाहणाऱ्याला कुत्र्याची जात आणि तिचा रंग एकाच पोथीतून घेता येतील, अशी सोय युरोपातील त्याच्या समव्यवसायी छंदिष्टाला क्वचितच मिळत असेल. फक्त ते कुत्रे आघाडीच्या रांगेत ठेवण्याचा अधिकार ही पोथी त्याला देत नाही.

तो अधिकार दिला खंडोबाच्या परंपरेने. मणी-मल्लांशी झालेल्या युद्धाच्या लोकचित्रांत कुत्रा दैत्याच्या अंगावर झेपावतो, कधी त्याच्या मांडीचा लचका तोडतो. शिकारीचा देव आणि सेनापती देव येथे एकच आहेत, त्यामुळे त्याचा सोबतीही एकाच वेळी शिकारी आणि सैनिक ठरतो. भक्तही त्याच्याशी तादात्म्य पावतात : वाघ्ये भुंकतात, कोटंब्यातील अन्न कुत्र्यासारखे खातात. कर्नाटकात मैलाराच्या गोरवांतही हाच आचार आढळतो. आतकूरच्या शिळेचा पुजारी गोरवच असावा, हा योग केवळ नामसाम्याचा की त्याहून खोल, याचा निर्णय घाईने करू नये. टाकातला कुत्रा घोड्याच्या मानाने कधी फार लहान, कधी फार मोठा असतो. दिवाळीच्या किल्ल्यावरही हेच चालते. आळीव किंवा मोहरी पेरलेल्या मातीच्या उतारावर मावळ्याएवढा कोंबडा आणि बुरुजाएवढा वाघ सुखाने नांदतात. मेजावरील युद्धखेळाला प्रमाणाचा आग्रह असतो, कारण त्याला इतिहास व्हावयाचे असते. किल्ला करणाऱ्या मुलांना तशी गरज वाटत नाही.

गरज निर्माण होते ती आकृती मेजावरून वा मातीवरून उठून दगडात गेल्यावर. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ मध्ये बसला. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकाने हा कुत्रा मराठी मनात रुजवला होता. २०१२ मध्ये तो पुतळा हटवण्यात आला आणि नंतर पुन्हा बसवला गेला; २०२५ मध्ये त्यावरून वाद पुन्हा उसळला. नाटकातल्या कुत्र्याकडे कोणी दाखला मागितला नव्हता, शिळेवरच्या कुत्र्याकडे मागितला. आतकूरला क्रम नेमका उलटा होता. तेथे दाखला प्रथम कोरला गेला आणि त्यातूनच कुत्र्याचे चित्र उभे राहिले. म्हणून दख्खनच्या दहाव्या शतकातील सैन्याबरोबर कुत्रे ठेवावयाचेच असेल, तर ते पायदळाच्या ओळीत नको. सेनापतीच्या घोड्यापाशी, टाकात असते तसे, एकटे ठेवावे. त्याच्यासमोर शत्रूऐवजी रानडुक्कर ठेवले तर आतकूरच्या लेखाशी इमान राखले जाईल, आणि मेजावरचा तेवढा कोपरा युद्धातून आपोआप वगळला जाईल.