करपलेल्या वातीचा वास

दिवाळीत दिवे लावण्याचे कौतुक सर्वांनाच असते. दिवा गेल्यावर काय होते याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. पणतीतले तेल संपत येते, ज्योत एकदोनदा फडफडते आणि मालवते. वातीच्या टोकाशी एक लाल ठिणगी क्षणभर धुमसत राहते व तिच्यातून पांढुरक्या धुराची बारीक रेघ वर चढते. त्या धुराचा वास मोठा उग्र. डोळ्यांना झोंबणारा, घशाशी खवखवणारा. कढईतले तेल वाजवीपेक्षा जास्त तापून करपले म्हणजे स्वयंपाकघरात जो ठसका उठतो, त्याच्याच जातीचा. दिवा नीट जळत असताना हा वास येत नाही. तेल तेच, वात तीच. मग विझतानाच तो येतो कोठून?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्याच्या मागे लागून माणसाने रसायनशास्त्रातले एक मोठे दालन उघडले. आणि गंमत अशी, की सुटला म्हणून बाजूला ठेवलेला हाच प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला. या वेळी तो दिव्यातून नव्हे, तर व्हेपोरायझर नावाच्या, विजेवर वाफ करून ती तोंडाने ओढण्याच्या एका यंत्रातून आला. या यंत्राची तार व वात घरच्या घरी बदलणाऱ्या हौशी लोकांची सार्वत्रिक तक्रार होती : तार नवी, कापूस नवा, अर्कही ताजा, तरी पहिल्याच घोटाला चव करपट का?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते, ते थेट चरबीच्या मेणबत्तीपर्यंत.

आपल्याकडे समईत तेल आणि निरांजनात तूप. युरोपातल्या सामान्य माणसाच्या घरी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उजेड होता तो गुराढोरांच्या चरबीचा. मधमाश्यांच्या मेणाच्या बत्त्या चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. चरबीची बत्ती स्वस्त, पण तिचे दुखणे दुहेरी होते. एक तर वात जळून संपत नसे. तिला काजळी धरे, ती लांबत जाई, उजेड मंद होई आणि धूर वाढे. ही काजळी कापण्यासाठी घरोघर एक खास कात्री असे, तिच्या पात्याला कापलेला तुकडा झेलणारी छोटी डबी जोडलेली. नाटकगृहात तर या कामावर माणसे नेमलेली असत. दुसरे दुखणे वासाचे. बत्ती विझवली की खोलीभर तो करपट दर्प पसरे.

इ. स. १७७९ मध्ये कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवले, तेव्हा त्याच्या हाती एक दाट, पाण्यात विरघळणारा, चवीला गोड असा पदार्थ लागला. तेलात गोडी असते हे ऐकून त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. पुढे फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल याने त्याला नाव दिले, ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून : ग्लिसरीन. होय, थंडीत फुटलेल्या ओठांना गुलाबपाण्याबरोबर आपल्या आया-आज्या जे लावत आल्या, तेच ते ग्लिसरीन.

हा शेव्हरल विलक्षण माणूस. १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली वारला. म्हणजे पुरे एकशे दोन वर्षांचे आयुष्य. चरबी म्हणजे एकसंध पदार्थ नव्हे, तर काही आम्ले आणि ग्लिसरीन यांची घट्ट बांधलेली मोळी आहे, हे त्याने वर्षानुवर्षे खपून सिद्ध केले. मोळी सोडवली, ग्लिसरीन काढून टाकले, की स्टिअरिक आम्लासारखी कठीण, पांढरी आम्ले उरतात. त्यांची बत्ती करावी, असे त्याच्या मनात आले. १८२५ साली त्याने गे-ल्युसॅक या रसायनज्ञासह तिचे पेटंट घेतले. त्यांचा धंदा काही चालला नाही (शास्त्रज्ञांचे धंदे बहुधा चालत नाहीत!), पण दोन्ही दुखण्यांवर उपाय त्याच सुमारास निघाले. कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने वात पिळण्याऐवजी वेणीसारखी गुंफली. अशी वात जळताना एका बाजूला झुकते, तिचे टोक ज्योतीच्या सर्वांत तप्त कडेत शिरते आणि तेथे पूर्ण जळून जाते. कात्री अडगळीत गेली. आणि ग्लिसरीन काढून टाकलेल्या नव्या बत्तीला विझताना तो जुना ठसकाही राहिला नाही.

म्हणजे दोष ग्लिसरीनचा होता. पण ग्लिसरीन तर गोड! याचा उलगडा बर्झेलियस याने १८३९ साली केला, तोही स्वीडनचाच. ग्लिसरीन फार तापले म्हणजे त्यातला पाण्याचा अंश निघून जातो आणि मागे एक अत्यंत झोंबरा पदार्थ राहतो. त्याला नाव मिळाले ॲक्रोलीन, तिखट आणि तेल या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची सांधणी. करपलेल्या तेलाचा ठसका मुख्यतः या ॲक्रोलीनचा. त्याची जात किती जहाल, तर पहिल्या महायुद्धात १९१६ साली फ्रेंच सैन्याने ते शत्रूवर सोडण्याचा विषारी वायू म्हणून वापरून पाहिले.

मग दिवा जळत असताना हा जहाल पदार्थ कोठे असतो? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात मायकेल फॅरडेने मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यात याचे मर्म आहे. त्याने बत्ती हळूच विझवली, वर चढणाऱ्या धुराच्या रेघेला दोन-तीन इंचांवर काडी लावली, आणि ज्योत त्या रेघेवरून सरसर खाली उतरून वातीवर पुन्हा बसली. जळते ती वात नव्हे, जळते ती वाफ. वात नुसती पाणक्याचे काम करते. केशाकर्षणाने ती तेल वर ओढते, तेल तेथे तापून वाफ होते आणि ज्योतीत सारेच्या सारे भस्म होते, झोंबरे असेल तेही. जोवर तेल येत राहते तोवर वात ओली असते, आणि ओली वात फारशी जळत नाही. तेल आटले, ज्योत गेली, पण ठिणगी राहिली, की मग अर्धवट तापलेली वाफ न जळताच बाहेर पडते. विझलेल्या पणतीचा वास तो हाच.

आपल्या बायकांना हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक होते. नवी पणती आधी पाण्यात भिजत घालायची, म्हणजे माती तेल पिणार नाही. फुलवात तुपात बुडवून मगच लावायची. घासलेटच्या वातीच्या स्टोव्हला नव्या वाती घातल्या, की त्या पुरत्या भिजेपर्यंत काडी ओढायची नाही. घाई केली तर नव्या वातीचे टोक कोळसा होऊन बसते आणि मग ती वात कितीही वर सारली तरी धड जळत नाही.

आता विजेकडे वळू. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, याचा हिशेब इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने १८४१च्या सुमारास मांडला. पण लाल होऊनही न जळणारी स्वस्त तार मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत आल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रणाचे पेटंट १९०६ साली मिळाले. आपल्या विजेच्या शेगडीतले वेटोळे या तारेचे. पुढे हान्स फॉन कांट्सोव्ह याने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची मिश्रधातू काढली व १९३१ साली तिच्यासाठी कांथल ही कंपनी स्थापन केली. हे पुन्हा स्वीडनमध्येच. या कथेत तो देश असा वारंवार डोकावतो खरा. ही तार तापली की तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो थरच तिचे रक्षण करतो.

वात आणि वेटोळे यांची गाठ घालण्याचा मार्ग आता मोकळा होता. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ साली धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला; १९६५ साली ते मिळाले, पण माल करायला कोणी पुढे आले नाही. चाळीस वर्षांनी, २००३ साली, चीनमधल्या शेनयांगचा औषधतज्ज्ञ होन लिक याने निकोटीनयुक्त द्रवाची वाफ करणारे यंत्र सिद्ध केले. तो स्वतः सिगारेटच्या व्यसनात अडकलेला होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याच्या पहिल्या यंत्रात वाफ होई ती ध्वनीच्या सूक्ष्म कंपनांनी. पुढे सर्वत्र रूढ झाले ते तापणारे वेटोळे आणि त्यातून ओवलेली वात. आणि त्या वातीला पाजायचा द्रव कोणता? प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन! शेव्हरलने मेणबत्तीतून बाहेर काढलेले ग्लिसरीन दीडपावणेदोनशे वर्षांनी माणसाने आपण होऊन वातीवर परत आणून ठेवले. आणि या वेळी ते जाळून टाकायला ज्योतही नव्हती.

२०१०नंतर अमेरिका-युरोपात या यंत्राची वात-तार स्वतः घडवणाऱ्यांचा एक संप्रदायच निर्माण झाला. सळईवर तार गुंडाळायची, तिचा रोध मोजायचा, आतून वात ओवायची. प्रारंभी वात सिलिकाच्या दोरीची असे. ती जळत नाही, पण द्रव सावकाश ओढते. मग कापूस आला. चवीला स्वच्छ, पण करपणारा. येथून करपट चवीचा शोध सुरू झाला. बहुतेकांचा पहिला संशय द्रवावर जाई, आणि तो बहुधा खोटा ठरे. तारेला ओढकामातले वंगण चिकटलेले असते. ते वात ओवण्यापूर्वीच तार लाल करून जाळावे लागते. ही लाली मधून सुरू होऊन दोहीकडे सारखी पसरली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर तेथे कापूस करपणारच. म्हणून वेढे चिमटून सारखे करायचे. कापूस दाटून भरला तर द्रव गुदमरतो, सैल भरला तर तारेपाशी पोकळी राहते. द्रवातल्या गोडव्याची काळी पुटे तारेवर बसतात. पण या सगळ्यांहून मोठे कारण आपल्या स्टोव्हचेच : वात पुरती भिजण्याआधी कळ दाबणे. प्रोपिलिन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. ओल्या वातीत तापमान या मर्यादेत अडकून राहते, कागदाच्या द्रोणात पाणी उकळावे तसे. वात कोरडी पडली की तार त्यापुढे धावत सुटते. एकदा काळा पडलेला कापूस मात्र पुन्हा कितीही भिजवला तरी सुधारत नाही; तो फेकावाच लागतो.

ही करपट चव म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, तर इशारा आहे. याच मुद्द्यावर २०१५ साली शास्त्रज्ञांत वाद पेटला. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी असे एक यंत्र ५ व्होल्टवर चालवून वाफेत फॉर्माल्डिहाइडची संयुगे भरपूर असल्याचे जाहीर केले, ३.३ व्होल्टवर ती आढळली नव्हती. त्यावर ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवले, की ही द्रव्ये मुबलक निघतात ती वात कोरडी पडल्यावर, आणि त्या वाफेची चव इतकी असह्य असते की माणूस ती ओढतच नाही. यंत्राला चव कळत नाही, माणसाला कळते, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. तरीपण मला तो अपुरा वाटतो. नाक ॲक्रोलीनला ओळखते, म्हणून ते प्रत्येक विषाला ओळखेल असे थोडेच आहे? निकोटीनला तर ते अडवत नाहीच. आणि नाना फळांचे, मिठायांचे सुगंध घातले की कोवळ्या वयाच्या मुलांना ही वाफ आवडीचीच वाटते.

नाकाच्या पहाऱ्याची परीक्षा लवकरच झाली. २०१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण माणसे श्वास कोंडून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत अशा रुग्णांची संख्या २,८०७ झाली, ६८ दगावले. यांतल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काची वाफ ओढली होती. त्या अर्कात भेसळीला व्हिटॅमिन ई ॲसिटेट घातले जाई. ते दिसायला अर्कासारखेच दाट असल्याने गिऱ्हाइकाला शंका येत नसे. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत ते सापडले. तार चांगली असली, वातही ओली असली, तरी अशा भेसळीचा इशारा चवीतून मिळेलच असे नाही.

भारतात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तेव्हापासून या यंत्रांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या देशात गुन्हा आहे.