धीराचे भांडवल

पैसा एका घरी आणि कल्पना दुसऱ्या घरी, हा व्यवहारातला फार जुना योग आहे. ज्याच्या डोक्यात नवे यंत्र फिरत असते, त्याच्या खिशात ते घडविण्यापुरते लोखंडही नसते. आणि ज्याच्या तिजोरीत पैसा पडून असतो, त्याला त्या यंत्राचे नावही ठाऊक नसते. या दोघांची गाठ पूर्वी दैवयोगानेच पडे. बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा दिली, म्हणून किर्लोस्करवाडी वसली. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. तेथे राजेसाहेबांच्या जागी रॉकफेलर, व्हिटनी अशी घराणी होती, एवढेच. पण एखाद्या उदार माणसाची मर्जी ही काही व्यवस्था नव्हे. जेथे अशी मर्जी लाभत नाही, तेथे किती कल्पना कागदावरच विरून जातात, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

मर्जीच्या जागी संस्था उभी करण्याचा, आणि त्या संस्थेत सामान्य माणसालाही वाटेकरी करून घेण्याचा एक मोठा प्रयोग १९४६ साली बोस्टन शहरात सुरू झाला. त्या प्रयोगाची हकिगत आज सांगावयाची आहे. तिच्यात यश आहे, अपयश आहे, आणि यशानंतरही हाती न लागलेले असे काही आहे.

अनेकांचे पैसे एकत्र करून ते जाणत्यांच्या हाती सोपवावयाचे आणि अनेक ठिकाणी गुंतवावयाचे, ही कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. लंडनमध्ये १८६८ साली आणि स्कॉटलंडमधील डंडी येथे १८७३ साली असे ट्रस्ट निघाले होते. परंतु हे ट्रस्ट सरकारी कर्जरोखे किंवा रेल्वेचे रोखे घेत. म्हणजे ज्यांचा भाव बाजारात रोज निघतो अशीच मालमत्ता बाळगीत. ज्या कंपनीचे भाग शेअरबाजारात नोंदलेलेच नाहीत, जिचा माल अजून कोणी विकत घेतलेला नाही, तिच्यात जनतेचा पैसा घालणे हे त्या काळी विश्वस्ताच्या धर्माला सोडून मानले जाई.

१९४६ सालच्या बोस्टनमध्ये मात्र या धर्माचा फेरविचार करण्याजोगी परिस्थिती निर्माण झाली होती. महायुद्ध नुकतेच संपले होते. रडार आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे अपार ज्ञान चार्ल्स नदीकाठच्या प्रयोगशाळांत साचले होते. दुसरीकडे न्यू इंग्लंडच्या जुन्या कापडगिरण्यांचा धंदा दक्षिणेकडे सरकत होता, आणि युद्धापूर्वीच्या महामंदीची आठवण अजून ताजी होती. पैसा नव्हता असे नाही. पण तो विमा कंपन्या आणि विश्वस्त निधी यांच्यापाशी गोळा झाला होता, आणि त्यांना जोखीम घेण्याची मोकळीक नव्हती. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष राल्फ फ्लँडर्स आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांनी काही समविचारी मंडळींच्या साह्याने ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापन केली. सोयीसाठी आपण तिला ए.आर.डी. म्हणू.

तिचा एक भाग २५ डॉलरला होता. त्या वेळच्या दराने सुमारे ८३ रुपये. पन्नास लाख डॉलर उभे करावयाचे ठरले होते, प्रत्यक्षात पस्तीस लाखांच्या आसपास जमले. विमा कंपन्यांनी आणि काही विद्यापीठांनी भाग घेतले. पण कोणाही नागरिकाला ते घेण्याची मुभा होती, हे विशेष. जनतेकडून भांडवल घेऊन नवजात, बिननोंदणीच्या कंपन्यांत घालणारी ही अशा प्रकारची पहिली संस्था म्हणून गणली जाते.

येथे तिच्या रचनेचा एक बारकावा समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्यावर उभा आहे. आपल्याकडे १९६४ साली युनिट ट्रस्टचे व्यवहार सुरू झाले, तेव्हा युनिटधारकाला आपले युनिट ट्रस्टलाच परत विकता येत असे. ए.आर.डी.मध्ये तशी सोय नव्हती, आणि असूही शकत नव्हती. प्रयोगशाळेत अर्धवट जोडलेले यंत्र विकून उद्या सकाळी भागधारकाचे पैसे कसे परत करणार? म्हणून ज्याला बाहेर पडावयाचे असेल त्याने आपला भाग बाजारात दुसऱ्या कोणाला विकावा, अशी योजना होती. संस्थेचे भांडवल त्यामुळे सुरक्षित राहिले. पण त्याच योजनेमुळे एक विसंगतीही जन्माला आली. ज्या कंपन्यांचा भाव निघत नाही, त्या कंपन्या बाळगणाऱ्या संस्थेचा भाव मात्र बाजारात निघू लागला.

या संस्थेची धुरा लवकरच ज्यॉर्ज दोरिओ यांच्याकडे आली, आणि पुढे पाव शतक ती त्यांनीच वाहिली. दोरिओ जन्माने फ्रेंच. १८९९ साली पॅरिसमध्ये जन्मले, १९२१ साली अमेरिकेत आले. हार्वर्डच्या व्यापार विद्यालयात ते प्राध्यापक होते, आणि युद्धकाळात सैन्याच्या रसदखात्यातील संशोधनाची व्यवस्था पाहून ब्रिगेडियर जनरल झाले होते. माणूस पारखावा, कल्पना मागाहून पाहावी, असा त्यांचा दंडक होता. उत्तम माणसाची मध्यम कल्पना त्यांना चाले, मध्यम माणसाची उत्तम कल्पना चालत नसे. आपण पोसलेल्या कंपन्यांविषयी ते पोटच्या मुलांविषयी बोलावे तसे बोलत. मूल आजारी पडले म्हणून कोणी ते विकावयास काढीत नाही, ही त्यांची वृत्ती होती.

पहिल्या काही वर्षांत मुले वारंवार आजारीच पडली. सामोआ बेटावर ट्यूना मासळी डब्यांत भरण्याच्या उद्योगात घातलेला पैसा बुडाला. याच्या उलट ‘हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग’ या कंपनीची कथा. व्हॅन डी ग्राफ या शास्त्रज्ञाने अतिउच्च दाबाची वीज निर्माण करणारे यंत्र शोधले होते. त्याच्या साह्याने कर्करोगावर क्ष-किरणांचे उपचार करता येतील, अशी आशा होती. १९४७ साली ए.आर.डी.ने या कंपनीत दोन लाख डॉलर घातले. फायदा होईलच असे कोणी सांगू शकत नव्हते. काम करण्याजोगे आहे, एवढेच सांगता येत होते. पुढे ही कंपनी यशस्वी झाली. पण त्यासाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागले.

आणि बाजाराला थांबणे ठाऊक नाही. पहिली काही वर्षे लाभांशाचे नाव नव्हते. १९४९ साली संस्थेने आणखी भाग विकावयास काढले, तर त्यांना पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. १९५५ च्या सुमारास ए.आर.डी.च्या भागाचा भाव तिच्या मालमत्तेच्या हिशेबी मूल्याच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास घसरला. याचा अर्थ असा, की पेटीत शंभर डॉलरचा ऐवज आहे असे संचालक सांगत, आणि बाजार त्या बंद पेटीला पासष्ट डॉलर देऊ करी. बाजाराचे हे वागणे सर्वस्वी मूर्खपणाचे होते काय? तसे म्हणता येणार नाही. पेटीतील ऐवजाची किंमत ज्यांनी ठरविली, ते पेटीचेच राखणदार होते. ज्या वस्तूला गिऱ्हाईक लागलेले नाही, तिचे मोल शेवटी कोणाच्या तरी अंदाजावरच बेतलेले असते. अशा ट्रस्टात पैसा घालणाऱ्याला या अंदाजावर विश्वास टाकावा लागतो, किंवा स्वस्तात मिळते म्हणून अविश्वासाचा सौदा करावा लागतो. तिसरा मार्ग नाही.

अशा मंदावलेल्या दिवसांत, १९५७ साली, केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे तिशीच्या आसपासचे दोन इंजिनिअर दोरिओंच्या कचेरीत आले. संगणक बनविण्याची त्यांची मनीषा होती. पण संगणकात मोठमोठ्या कंपन्यांचे हात पोळत होते. तेव्हा संचालकांपुढे संगणक हा शब्द उच्चारू नका, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी इलेक्ट्रॉनिक मंडलांचे सुटे भाग बनविण्याची योजना मांडली, आणि ए.आर.डी.ने सत्तर हजार डॉलर देऊन त्यांच्या कंपनीचे सत्तर टक्के भाग घेतले. शिवाय तीस हजारांचे कर्ज दिले. तिचे नाव ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’.

तिचा संसार थाटला गेला मेनार्ड गावातील एका जुन्या लोकरगिरणीत. ही गिरणी १९५० साली बंद पडली होती. तिच्या एका मजल्यावर भाड्याची जागा घेऊन या तरुणांनी काम आरंभिले. मुंबईच्या बंद गिरण्यांच्या जागी पुढे काय उभे राहिले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा तपशील चटका लावील. जेथे घोंगड्या विणल्या जात, तेथे तर्कमंडले जोडली जाऊ लागली, आणि गावातल्या माणसांना पुन्हा काम मिळाले. १९५९ साली कंपनीचा पहिला संगणक तयार झाला. १९६५ साली अवघ्या अठरा हजार डॉलरचा लहान संगणक बाजारात आला. खोलीभर पसरणारे आणि श्रीमंत संस्थांनाच परवडणारे यंत्र त्यामुळे लहानसहान प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले.

१९६६ साली डिजिटलचे भाग शेअरबाजारात आले आणि बंद पेटीचे झाकण उघडले. १९७१ च्या सुमारास ए.आर.डी.च्या त्या सत्तर हजारांचे मोल पस्तीस कोटी डॉलरांच्या वर गेले. म्हणजे एकाचे पाच हजार झाले. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. त्याच्या शेजारचा दुसरा आकडा मात्र कोणी फारसा सांगत नाही. पाव शतकात ए.आर.डी.ला सरासरीने वर्षाला पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढ मिळाली. त्यातून एकटे डिजिटल वगळले, तर ती सुमारे निम्म्यावर येते. शंभराहून अधिक दाण्यांची पेरणी, आणि त्यातल्या एकाच कणसाने अर्धे कोठार भरले! ते कणीस कोणते हे पेरताना दोरिओंनाही ठाऊक नव्हते. ज्या भागधारकाने १९५५ साली कंटाळून आपला भाग विकला, त्याचा तर्क चुकला नव्हता. त्याचा धीर सुटला होता.

आता जे हाती लागले नाही त्याविषयी. जनतेचा पैसा घेतल्यामुळे ए.आर.डी.वर सरकारी नियमांचे बंधन होते, आणि ते असणे योग्यही होते. परंतु या नियमांमुळे संस्थेच्या अधिकाऱ्यांना पोसलेल्या कंपन्यांच्या भागांत वाटा देता येईना. ज्या कंपनीसाठी एखाद्या तरुण अधिकाऱ्याने रात्रीचा दिवस केला, तिचा मालक लक्षाधीश होई. अधिकाऱ्याच्या पगारात थोडीशी वाढ होई. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९६५ साली विल्यम एल्फर्स हे दोरिओंचे ज्येष्ठ सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी ‘ग्रेलॉक’ ही खासगी भागीदारी काढली. मोजके धनिक भागीदार, ठरावीक मुदत, व्यवस्थापकांना नफ्यात वाटा, आणि रोजच्या भावाची कटकट नाही, अशी ही पद्धत सोयीची ठरली व तीच रूढ झाली. १९७२ साली ए.आर.डी. ‘टेक्स्ट्रॉन’ या मोठ्या कंपनीत विलीन झाली. दोरिओ १९८७ साली निवर्तले. डिजिटललाही १९९८ साली ‘कॉम्पॅक’ने विकत घेतले.

प्रयोगाची विद्या टिकली, पण सामान्य माणसासाठी उघडलेले दार लोटले गेले. आपल्या देशातही २०१२ सालच्या सेबीच्या नियमांनुसार अशा निधीत शिरण्यासाठी साधारणतः किमान एक कोटी रुपये लागतात. त्यामागील हेतू अनुभव नसलेल्याला खड्ड्यात पडू न देण्याचा आहे, हे मान्य. तथापि २५ डॉलरपासून एक कोटी रुपयांपर्यंतचे हे अंतर विचारात पाडणारे आहे. विद्यापीठे जनतेच्या करांवर चालतात, प्रयोगशाळा सरकारी पैशाने उभ्या राहतात. मग त्या ज्ञानाच्या पहिल्या फळात जनतेचा वाटा का नसावा? ब्रिटनने १९९५ साली करांत सवलत देऊन लहान गुंतवणूकदारांसाठी असे ट्रस्ट पुन्हा निर्माण केले, ते बहुधा याच प्रश्नापोटी. त्यांचेही भाग बाजारात पुष्कळदा हिशेबी मूल्याहून खाली असतात. सत्तर वर्षांपूर्वीची विसंगती अजून सुटलेली नाही.

ती सुटेल असेही वाटत नाही. कारण ती हिशेबाची नसून स्वभावाची आहे. अशा ट्रस्टाचा भाग घेणारा माणूस कागदावर यंत्रे विकत घेतो, पण वस्तुतः काळ विकत घेत असतो. ज्या पैशाची पुढील दहा वर्षे घरात निकड नाही, तेवढाच त्याने तेथे ठेवावा. मुलीच्या शिक्षणाचा, म्हातारपणाच्या औषधाचा पैसा तेथे ठेवू नये. भाव पडला तर पेटी रिकामी झाली असे समजू नये, आणि भाव चढला तर सारेच दाणे उगवले असेही मानू नये. दोरिओंनी पैसा पुरविला हे खरे, पण पैसा पुरविणारे जगात पुष्कळ होते. त्यांनी थांबण्याची सोय केली, आणि काही काळ का होईना, २५ डॉलरवाल्या माणसालाही त्या थांबण्यात आपल्याबरोबर घेतले.