जुलाब थांबले, मग गुडघा का सुजला?

१९१६ साल, पहिले महायुद्ध. बाल्कन आघाडीवरच्या एका जर्मन लष्करी अधिकाऱ्याला रक्ताचे जुलाब झाले. काही दिवसांनी डोळे लाल झाले, लघवीला जळजळ होऊ लागली आणि सांधे सुजले. डॉ. हान्स रायटर यांनी हा आजार नोंदवला, पण दोष भलत्याच जंतूला दिला! त्याच वर्षी फ्रान्समध्ये फिसँजे आणि लरुआ यांनी आवेनंतरचे असेच रुग्ण नोंदवले. नाव मात्र रायटर यांचेच चालले.

खरा धागा फिनलंडमध्ये सापडला. १९४४ मध्ये तिथल्या सैन्यात शिगेला जंतूमुळे आवेची मोठी साथ आली. तिच्यानंतर सांधे धरलेल्या ३४४ रुग्णांची माहिती डॉ. पारोनेन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. अशा सांध्यातले पाणी तपासले तर त्यात जंतू वाढत नाहीत. आतड्यातल्या जंतूंविरुद्ध जागी झालेली प्रतिकारशक्तीच सांध्यांत सूज आणते. म्हणून १९६९ मध्ये फिनलंडच्याच डॉक्टरांनी ‘रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस’ हे नाव दिले.

गुडघा दाखवायला आलेला रुग्ण तीन आठवड्यांपूर्वीचे जुलाब आपणहून सांगत नाही. आम्हालाच विचारावे लागते.

रायटर पुढे नाझी राजवटीत बडे आरोग्य अधिकारी झाले. बुखेनवाल्ड छावणीतल्या कैद्यांवरील टायफसच्या प्रयोगांशी त्यांचा संबंध होता. हे कळल्यावर डॉक्टरांनी त्यांचे नाव वगळायला सुरुवात केली. तुमच्या जुन्या फाइलीत ‘रायटर सिंड्रोम’ लिहिलेले असेल, तर तो हाच आजार.