आलमगीराची खिचडी आणि म्हातारपणाची भूक

मंडळी, आपल्या शहरात औरंगजेबाचं नाव काढलं की आधी १६८९ आठवतं. ते आठवायलाच हवं. संभाजीराजांना त्यानं कसं मारलं हे बाजूला ठेवून त्याच्याविषयी बोलता येत नाही. पण आज मला त्याच्या ताटाबद्दल बोलायचंय.

इथून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला त्याची साधी, उघड्यावरची कबर आहे. ती पाहून आलेले लोक म्हणतात, फकिरासारखा राहिला, खाण्यावरची वासनाच उडाली होती. हे अर्धंच खरं आहे.

तॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो, की औरंगजेब मांस खात नाही, भाज्या आणि मिठाईवर राहतो, उपास फार करतो, म्हणून कृश झालाय. १६६५ मध्ये धूमकेतू दिसत होता तोवर तो पाणी आणि भरड धान्याच्या थोड्याशा भाकरीवर राहिला आणि मरता मरता वाचला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. पुढे १६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी त्याला कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत भेटला. त्याला दिसला तो ठेंगणा, सडपातळ, वयानं वाकलेला, पांढऱ्या दाढीचा बादशहा. वय ७६, पण चष्म्याशिवाय अर्जांवर शेरे लिहीत होता!

दोन्ही वेळी माणूस बारीकच आहे. पण ४६ व्या वर्षी उपाशी राहायला भुकेशी भांडावं लागतं. उतारवयात भूकच हळूहळू माघार घेते. नाकाला वास कमी येतो, जिभेला चव कमी लागते. पोटातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक जास्त आढळतं. म्हणजे चार घासांतच 'पुरे' वाटतं. स्नायू झडतात ते वेगळंच.

१९९४ मध्ये अमेरिकेत सुझन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध पुरुषांना काही आठवडे मुद्दाम कमी जेवायला दिलं, मग हवं तेवढं खायची मोकळीक दिली. तरुणांनी जास्त खाऊन तूट भरून काढली. वृद्धांना ते जमलं नाही. म्हणून एखाद्या आजारपणात आजोबांचं वजन चार किलो उतरलं, की ते आपोआप परत येईल असं धरून चालता येत नाही. आपण मात्र म्हणतो, 'वयच झालं, आता त्यांना कुठे खायची आवड राहिलीय!' आणि पुढ्यात मऊ भात, पातळ वरण ठेवतो. मीठ-मसालाही बेताचाच.

आवड खरंच जाते का? औरंगजेबाच्या पत्रसंग्रहात आजमशाह या मुलाला लिहिलेलं एक पत्र आहे. साम्राज्याचा कारभार वगैरे काही नाही त्यात. हिवाळ्यात तुझ्याकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची चव अजून आठवते, असं बाप लिहितोय. केस पांढरे झाले तरी खाण्याची इच्छा पुरती गेलेली नाही, अशी कबुलीही देतो. बिर्याणी रांधणारा तुझा आचारी मी मागितला होता, तो तू दिला नाहीस, ही तक्रार आहेच. मग निदान त्याच्या हाताखाली शिकलेला कुणी सापडला तर पाठव, अशी विनवणी.