पाश्चात्त्य लोकशाहीतील दबावगट आणि जातीविषयक कायदे

जो संघटित समूह स्वतः सत्तेवर न येता सरकारचे निर्णय आपल्या बाजूने वळवू पाहतो, त्याला दबावगट म्हणतात. राजकीय पक्ष निवडणूक लढवतो. दबावगट निवडून आलेल्यांवर आणि प्रशासनावर प्रभाव टाकतो. उद्योजकांचे संघ, कामगार संघटना, धार्मिक संस्था, मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना हे सारे त्यात येतात.

अमेरिका
सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिला आहे. त्याच आधारावर तेथे लॉबिंग हा उघड व्यवसाय झाला. 1995 च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो. 2010 च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्या व कामगार संघटनांना निवडणुकीत स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा दिली. त्यानंतर ‘सुपर पॅक’ उभे राहिले आणि पैशाचे वजन वाढले.

ब्रिटन
ब्रिटनमध्ये उमेदवारांच्या निवडणूक खर्चावर कडक मर्यादा आहे. त्यामुळे मंत्रालये, खासदार, हाउस ऑफ लॉर्ड्स आणि सरकारने मागवलेले जनतेचे अभिप्राय हे मार्ग महत्त्वाचे ठरतात. 2014 च्या कायद्याने लॉबिंगची नोंदवही आली, पण ती दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्या सल्लागारांपुरती आहे. कंपनीच्या स्वतःच्या पगारी लॉबिस्टला ती लागू नाही.

जातीभेदविरोधी तरतूद
हे मार्ग कसे चालतात, ते ब्रिटनमधील जातीच्या प्रश्नावरून स्पष्ट दिसते. 2010 च्या समता कायद्यात जातीचा समावेश सरकार ‘करू शकेल’, एवढेच म्हटले होते. कास्टवॉच यूके, दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क यांसारख्या संघटनांनी पुरावे मांडले, खासदार आणि लॉर्ड्स सदस्यांना गाठले. लॉर्ड्सच्या आग्रहामुळे एप्रिल 2013 मध्ये सरकार नमले आणि ‘करू शकेल’च्या जागी ‘करावेच लागेल’ आले.

पण अंमलबजावणी झाली नाही. हिंदू कौन्सिल यूके, हिंदू फोरम ऑफ ब्रिटन यांसारख्या संघटनांनी विरोध केला. कायद्यात जातीचा उल्लेख आला तर विसरत चाललेला भेद पुन्हा जागा होईल आणि समाजाची बदनामी होईल, असे विरोधकांचे म्हणणे होते. 2017 मध्ये सरकारने अभिप्राय मागवले. 16 हजारांहून अधिक उत्तरे आली आणि निम्म्याहून जास्त उत्तरांनी नव्या तरतुदीऐवजी न्यायालयीन निकालांवर विसंबावे असे सांगितले. जुलै 2018 मध्ये सरकारने तोच मार्ग धरला आणि 2013 ची सक्ती रद्द करण्याचा इरादा जाहीर केला.

कॅलिफोर्नियातही असेच घडले. 2023 मध्ये जातीभेदविरोधी विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने संमत झाले. दोन्ही बाजूंच्या संघटनांनी जोर लावला होता. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी, असा भेदभाव आधीच बेकायदा आहे असे कारण देत, नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल नगर परिषदेने मात्र जातीभेदावर बंदी घातली होती.

काय दिसते?
अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी 1965 मध्ये दाखवले की, ज्यांचे हित एकवटलेले असते असे लहान गट सहज संघटित होतात; विखुरलेल्या मोठ्या समूहाला ते कठीण जाते. शिवाय दबावाचे काम सभागृहातील मतदानाने संपत नाही. विधेयकाचा मसुदा, मतदान, स्वाक्षरी, अभिप्राय, अंमलबजावणी या प्रत्येक टप्प्यावर निर्णय फिरू शकतो. ब्रिटनमधील जातीभेदविरोधी संघटनांनी 2013 मध्ये संसदेत मिळवलेले यश पाच वर्षांनी मंत्रालयात अडले. परदेशातील आंबेडकरी संघटनांना म्हणूनच कायदा संमत झाल्यानंतरही तितक्याच चिकाटीने आणि संख्येने पाठपुरावा करावा लागतो.